गुडघ्याएवढं रान

दाजीपूरच्या रानात गुडघ्याएवढ्या झाडापुढे थांबलं की नावाआधी त्याचं वय विचारावं लागतं. हे कुठल्या तरी उंच वृक्षाचं रोप आहे, की एवढ्याच उंचीत पुरतं वाढलेलं, दरवर्षी फुलणारं-फळणारं झाड आहे? नुसती पानं बघून उत्तर मिळेलच असं नाही. वृक्षाच्या रोपाची आणि शेजारच्या झुडपाची पानं सावलीत सारखीच गर्द हिरवी दिसतात. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे इकडे येणारे बहुतेक जण गवा बघायला येतात. १९५८ साली हे अभयारण्य झालं तेही गव्यासाठीच, त्यामुळे येणाऱ्याची नजर लांब, झाडोऱ्याच्या पलीकडे असते. गव्याच्या पायाखाली काय उगवलंय ते बघायचं तर खाली बसावं लागतं.

एकदा अशीच बसले होते. सोबत दाजीपूरकडचे एक मामा होते, त्यांचा जन्म याच रानात गेलेला. मी एका लहानशा झुडपाला रोप म्हणाले तसे ते पुढे झाले. "ताई, ह्ये रोप न्हवं. ह्येला फळं धरत्यात. मी बारका हुतो तवापासनं ह्ये असलंच हाय बगा." एवढं बोलून ते बिडी पेटवायला वाटेकडे वळले. मी ते झुडूप नीट निरखलं. खोड करंगळीएवढं, पण बुडाशी साल खरबरीत झालेली. गळून गेलेल्या पानांचे वण एकाखाली एक, अगदी जमिनीपर्यंत. पानं समोरासमोर, आणि दोन देठांच्या मधल्या जागेत, खोडाला चिकटून, नखाच्या टोकाएवढं एक उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं बारकं खवलं. या एका खुणेवरून कूळ कळतं. हे कॉफीचं कूळ, आणि झुडूप सायकोट्रिया या प्रजातीतलं, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटातलं. शेंड्याला मागच्या हंगामातल्या फळांचे वाळलेले देठ अजून होते. म्हणजे मामांचं म्हणणं बरोबर होतं. दीड-दोन फुटांचं ते झाड प्रौढ होतं.

याच्या उलट गोष्टही रानात घडते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनात जोसेफ कॉनेल यांनी १९६०च्या दशकात झाडांच्या रोपांना खुणा करून ठेवल्या आणि नंतरच्या दशकांत त्यांच्या नोंदी चालू राहिल्या. त्यातली काही रोपं दशकानुदशकं जवळपास तेवढीच राहिली. मरतही नव्हती, वाढतही नव्हती. वरचा एखादा वृक्ष पडेल, उजेडाची खिडकी उघडेल, तोवर थांबायचं. म्हणजे रानाच्या तळाशी एकाच उंचीची दोन झाडं शेजारी उभी असतात, त्यातलं एक आभाळाची वाट बघत असतं आणि दुसऱ्याला तिकडे जायचंच नसतं. मला यातल्या दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे. खुजं झाड म्हणजे वाढ खुंटलेलं झाड, हा समज इतका खोलवर बसलाय की आपण त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघतो. त्यांच्या देहाची घडण बघितली की कीव करण्यासारखं काहीच सापडत नाही.

उजेडापासून सुरुवात करू. दाट वर्षावनात माथ्यावर पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम शेकडा एक-दोन भाग जमिनीपर्यंत पोचतो. एवढ्या मिळकतीत घर चालवायचं तर खर्च कुठे करायचा हे ठरवावं लागतं. उंच वृक्षाचा मोठा खर्च खोडावर असतो. खोड वाढवायला लाकूड लागतं, आणि त्या लाकडातल्या जिवंत पेशींना, सालीला, मुळांना रोज श्वसनासाठी साखर लागते. तळाशी राहणारं झाड हा खर्चच टाळतं. मग जे उरतं ते पानांत घालतं. ही पानं मोठी, पातळ आणि एकमेकांवर सावली न धरणारी असतात. ती सहजासहजी टाकलीही जात नाहीत. कित्येक जातींत एकेक पान काही वर्षं टिकतं. नवं पान करणं सावलीत इतकं महाग पडतं की जुनं सांभाळणंच परवडतं, आणि म्हणून अशा पानांवर शेवाळ, दगडफूल, चिमुकल्या बुरशा अशी एक वेगळीच वस्ती वाढलेली दिसते.

उरलेली मिळकत येते ती उन्हाच्या कवडशांतून. वारा हलला, वरची फांदी सरकली, सूर्य थोडा पुढे गेला, की जमिनीवर कवडसा पडतो. काही सेकंद, काही मिनिटं, आणि गेला. कित्येक वर्षावनांत तळाच्या झाडाला दिवसभरात मिळणाऱ्या उजेडाचा निम्म्याहून मोठा वाटा या कवडशांचा असतो. उन्हात वाढलेलं पान अंधारात बराच वेळ राहिलं की त्याची यंत्रणा थंडावते आणि कवडसा पडल्यावर ती पुन्हा जागी व्हायला वेळ जातो. सावलीत मुरलेल्या झाडाच्या पानात ही यंत्रणा अर्धवट जागीच राहते. कवडसा निघून गेल्यावरही थोडा वेळ ते कार्बन बांधत राहतं. दाजीपूरला उन्हाळ्याच्या दुपारी एका पानावर असा कवडसा येता-जाता बघत बसणं हा माझ्या मते गवा दिसण्यापेक्षा कमी आनंद नाही.

आता उंचीचा मुद्दा. रानाच्या तळाशी उजेड कमी असतो आणि त्याचा रंगही बदललेला असतो. वरच्या पानांनी तांबडा प्रकाश शोषून घेतलेला असतो आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतिरक्त प्रकाश खाली गळत राहतो. झाडात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते हा फरक ओळखतं. उन्हात राहणाऱ्या झाडाला हा बदल कळला की त्याचा अर्थ एकच असतो, वर कुणीतरी आहे, तेव्हा उंच हो. दाट पेरलेलं पीक किडकिडीत उंच होतं ते यामुळेच. पण जी झाडं पिढ्यानपिढ्या सावलीत राहिली ती या निरोपाला फारशी दाद देत नाहीत. त्यांना तो ऐकू येतो, फक्त त्यावर धावत सुटायचं नाही हे त्यांच्या स्वभावात उतरलंय. चाळीस मीटरच्या माथ्याच्या दिशेने दोन मीटर धाव घेऊन काय मिळणार? उजेड तोच, आणि खोडाचा खर्च मात्र वाढलेला.

आपल्याकडे खुजेपणाची दुसरी एक ओळख आहे, ती शेतातली. आजरा घनसाळ या भाताचं पीक उंच वाढतं आणि लोंबीचं वजन पडलं, वारं-पाऊस आला की लोळतं. १९६६ साली फिलिपाइन्समधल्या भात संशोधन संस्थेनं आयआर-८ हे भाताचं वाण आणलं ते बुटकं, ताठ उभं राहणारं, खत पचवणारं. त्यातली बुटकेपणाची करामत जवळजवळ एका जनुकाची आहे. त्या जनुकात बिघाड झाल्यानं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं आणि काडी आखूड राहते. माणसानं हेरून जपलेला हा खुजेपणा आहे, त्यानं कोट्यवधींची पोटं भरली. पण तो रानातल्या खुजेपणासारखा नाही. बुटकं भात उन्हातच राहतं, त्याचं पान, मूळ, फूल, बी सगळं भाताचंच असतं, फक्त काडी तोकडी. रानातल्या खुज्या झाडात पानाची जाडी, खोडाची फांदी करायची रीत, फुलाची जागा, फळाचा रंग, बी नेणारा पक्षी, सगळंच बदललेलं असतं.

फुलाची जागा म्हणजे काय ते कोकोच्या झाडात दिसतं. चॉकलेट ज्याच्या बियांपासून होतं तो कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनाच्या सावलीतला. त्याची फुलं थेट खोडावर येतात. फांदीच्या टोकाला फुलून वर उडणाऱ्या पाहुण्यांना बोलवायचं कारणच नाही, त्याचे पाहुणे म्हणजे जमिनीलगत कुजक्या पाल्यात वाढणाऱ्या चिमुकल्या माश्या. कॉफीसुद्धा इथिओपियाच्या डोंगरातल्या रानाखालची, आणि आपल्या मसाल्यातला वेलदोडा सह्याद्रीच्याच दक्षिण भागातल्या रानाखालचा. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात तग धरणारी पीस लिली, अग्लोनिमा, कॅलाथियादेखील याच वस्तीतली. त्यांना आपला कोपरा मानवतो याचं कारण एवढंच की त्यांच्या गावीही असाच उजेड होता.

आपलं रान मात्र मलेशियातल्या किंवा अ‍ॅमेझॉनच्या रानासारखं बारमाही ओलं नाही, हे सांगितलं पाहिजे. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मग आठ महिने कोरडे. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या निम-सदाहरित रानाचा माथाही तिथल्यासारखा उंच नसतो. त्यामुळे आपल्याकडच्या तळाच्या झाडांनी वेगळी वाट काढली. पुष्कळ जण जमिनीखाली जाऊन बसतात. पहिल्या पावसात सापकांदा जमिनीतून वर येतो, फण्यासारखं आवरण उभारतो आणि दसऱ्याच्या आसपास पुन्हा गडप होतो. त्याच्या कंदात साठा कमी असेल त्या वर्षी त्याला नरफुलं येतात, साठा वाढला की मादीफुलं. बी पोसायला जास्त पुंजी लागते, ती जमेपर्यंत नुसता पराग द्यायचा. याच प्रजातीतली अरिसिमा सह्याद्रिकम ही जात १९९३ साली नोंदली गेली. ती नोंदवणाऱ्यांत शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव होते. त्यांनी सहकाऱ्याबरोबर केलेली कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतीसूची ज्यांच्या हातून फिरली त्यांना माहीत आहे की तिच्यात वृक्षांपेक्षा या बारक्यासारक्या मंडळींचीच गर्दी जास्त आहे.

आणि कारवी. आमच्याकडच्या रानाचा तळ कुणाचा असेल तर तो कारवीचा. कारवीचे कूड, शेणानं लिंपलेल्या भिंती, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तिची काठी वेगळी सांगायला नको. गाठी फुगलेल्या, पान खरखरीत, कडेला दातेरी. सात वर्षं नुसतं वाढायचं, आठव्या वर्षी अख्ख्या डोंगरानं एकदम जांभळं व्हायचं, बी धरायचं आणि मरायचं. मुंबईच्या बाजूला २००८, २०१६, २०२४ असा हा फेर आला. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या आरंभी तडतडून फुटतात. मेलेल्या कारवीखाली जो उजेड उघडतो त्यात तिचीच पोरं उगवतात. एकाच वेळी मरण्याचा हा व्यवहार मला फार विलक्षण वाटतो. सावली धरणारी आईच बाजूला झाल्याशिवाय त्या दाटीत कुणाचं रोप उभं राहिलं असतं?

कारवीचं नाव काय, या प्रश्नानं वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र चांगलंच झुलवलं. नीस फॉन एसेनबेक यांनी १८३२ साली तिला स्ट्रोबिलँथिस प्रजातीत घातलं. १९४४ साली ब्रेमेकाम्प यांनी परागकणांच्या नक्षीसारख्या बारकाव्यांवरून या गोतावळ्याचे पन्नासहून अधिक तुकडे केले आणि कारवीला स्वतंत्र घर दिलं, कार्विया. पुढे डीएनए तपासला गेला तेव्हा त्या भिंती पुष्कळ ठिकाणी टिकल्या नाहीत आणि बहुतेक सगळ्यांना पुन्हा स्ट्रोबिलँथिसच्या एका मोठ्या वाड्यात आणलं गेलं. निलगिरीची बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी आता तिची सख्खी नातेवाईक ठरते.

वर्गीकरणाची ही गोष्ट थोडी मागून घेतली पाहिजे, कारण उंचीनं माणसाला पहिल्यापासून भुरळ घातली आहे. ग्रीक थिओफ्रास्टसनं झाडं वाटली ती वृक्ष, झुडूप, अर्धझुडूप आणि औषधी, म्हणजे मऊ खोडाची रोपं, अशी. चरकसंहितेतली वाटणी मला जास्त विचारी वाटते. फुलाविना फळणारे ते वनस्पती, फुलून फळणारे ते वानस्पत्य, फळ आल्यावर संपणाऱ्या त्या औषधी आणि पसरणाऱ्या त्या वीरुध. त्यात उंचीपेक्षा जगण्याची रीत बघितली आहे. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसनं फुलातले पुंकेसर मोजायला घेतले आणि उंचीचा प्रश्न एका फटक्यात बाजूला पडला, उंच झाड आणि गवताएवढं रोप एका वर्गात बसू लागलं. मग डेन्मार्कच्या रॉन्किएर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंची परत आणली, पण शहाणपणानं. अडचणीच्या काळात झाडाचा वाढीचा डोळा जमिनीपासून किती वर असतो, हा त्यांचा प्रश्न. दोन मीटरच्या आतली ती नॅनोफॅनेरोफाइट, आठ मीटरपर्यंतची मायक्रो, तीसपर्यंतची मेसो आणि त्यावरची मेगा. हे नातं सांगणारं वर्गीकरण नाही, राहणी सांगणारं आहे. दोन्ही लागतात, फक्त एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही.

कॉफीच्या कुळाचंच बघा. हेदूचा मोठा वृक्ष त्यात, काटेरी गेळा त्यात, पांढरी पानं मिरवणारी शेरवड त्यात, परड्यातल्या भेगेत उगवणारा परिपाठ त्यात, आणि दाजीपूरचं ते दीड फुटाचं झुडूपही त्यातच. सगळ्यांना देठांमधलं ते उपपर्ण आहे. एकट्या सायकोट्रियाच्या जगभरात दोन हजारांच्या आसपास जाती आहेत, बहुतेक रानाच्या तळाशी राहणाऱ्या. मिरीची प्रजातीही तेवढीच मोठी, बेगोनियाही. तळाशी एवढ्या जाती का व्हाव्यात? पटणारं एक कारण असं की तिथलं बी लांब जात नाही. सावलीतून सावलीत उडणारा लहान पक्षी उघडी दरी ओलांडायला कचरतो. मग या ओढ्याकाठची झुडपं आणि त्या ओढ्याकाठची झुडपं पिढ्यानपिढ्या एकमेकांना भेटत नाहीत आणि हळूहळू परकी होतात. कित्येक बेगोनिया जगात एखाद्याच दरीत सापडतात.

कधी कधी उंचीच नात्याचा धागा दाखवते, हेही खरं. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या कुठल्याही बंगल्यापुढे दिसणारा अरेका पाम मूळचा मादागास्करचा. १८७८ पासून तो क्रिसॅलिडोकार्पस या प्रजातीत होता. १९९५ साली त्याला डिप्सिस या दुसऱ्या प्रजातीत ढकललं, तिथल्या पेन्सिलीएवढ्या खोडाच्या, कमरेलाही न लागणाऱ्या माडांच्या शेजारी. २०२२ साली डीएनएच्या आधारे पुन्हा फाळणी झाली. बहुतांशी मोठे माड क्रिसॅलिडोकार्पसमध्ये परतले, रानतळाचे बारके बहुतांशी डिप्सिसमध्ये राहिले.

मग खुजी झाडं उंच झाडांपासून झाली, की उलट? वनस्पतिशास्त्रज्ञ एडरेड कॉर्नर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात होते. उंचावरचे नमुने काढायला त्यांनी माकडं शिकवली होती. १९४९ साली त्यांनी मांडलं की फुलझाडांचा पूर्वज जाड खोडाचा, विरळ फांद्यांचा, थोराड पानांचा असावा, आणि बारीक फांद्यांचे डेरेदार वृक्ष नंतरचे. त्यांचं ते पूर्ण चित्र आता फारसं कुणी मानत नाही. पण जितकी फांदी जाड तितकं पान मोठं हे त्यांचं निरीक्षण आजही टिकून आहे.

नवी बाजू १९९९ साली समोर आली. फुलझाडांच्या वंशवृक्षात सगळ्यांत आधी फुटलेली फांदी कोणाची, याचं उत्तर अनेक प्रयोगशाळांतून एकच येऊ लागलं, अँबोरेला. न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातल्या बेटावरच, ओल्या रानाच्या सावलीत वाढणारं एक झुडूप, फुलं चिमुकली, फिकट. त्या पाठोपाठ २००४ साली टेलर फील्ड आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. पहिली फुलझाडं ओलसर, अंधाऱ्या, थोड्या उलथापालथ झालेल्या रानतळाशी राहणारी लहान झुडपं असावीत. पाण्यातल्या वनस्पतींपासून सुरुवात झाली असं मानणारेही आहेत, वाद संपलेला नाही. पण फील्ड यांचं बरोबर निघालं तर वड, आंबा, जांभूळ, हेदू हे सगळे सावलीतल्या एका खुज्या झुडपाचे वंशज ठरतात. सावलीत राहणं ही त्या घराण्याची सुरुवात ठरते. मला स्वतःला हे चित्र पटतं, आणि पटण्यात माझी माया मिसळलेली आहे हेही मी लपवत नाही.

अशा झाडांची गणती होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. रानाची मोजणी करताना छातीइतक्या उंचीवर दहा सेंटिमीटरहून जाड खोडच धरायची पद्धत सर्रास आहे. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९८०च्या सुमारास पन्नास हेक्टरची पाहणी सुरू झाली तेव्हा स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी मर्यादा एक सेंटिमीटरवर आणली. सुमारे तीनशे जाती मिळाल्या आणि संख्येनं सगळ्यांत जास्त निघालं ते हायबँथस नावाचं झुडूप. बागेतल्या पॅन्सीच्या कुळातलं. दहा सेंटिमीटरची पट्टी लावली असती तर ते जवळजवळ दिसलंच नसतं.

आपल्याकडच्या देवरायांत नेमकं हेच चाललंय. देवळाचा जीर्णोद्धार होतो, सभामंडप मोठा होतो, फरशी येते, आणि 'रान साफ करून घेऊ' म्हणून मोठी झाडं ठेवून खालचं सगळं खरडून काढलं जातं. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हा नेम लोक आजही मनापासून पाळतात, तो मोडायचा म्हणून कुणी काही करत नाही. फक्त गुडघ्याएवढं जे असतं ते देवाचं झाड म्हणून कुणी धरत नाही. आंबा घाटाकडच्या, गगनबावड्याकडच्या, भुदरगडातल्या देवरायांच्या विश्वस्तांशी, पुजाऱ्यांशी एवढं बोलता आलं पाहिजे की साफसफाई करायचीच तर पावसाळा होऊन जाऊ द्या, आणि खुरपं लावण्याआधी फळाचा देठ, सालीची खरबर, पानांचे वण बघणारं कुणीतरी सोबत घ्या. गावात असा माणूस असतोच, बहुधा गुरं राखलेला. त्याला विचारलं तर तो एकेक झुडूप दाखवून सांगेल, यातलं रोप कुठलं आणि म्हातारं कुठलं.